आईला तारीख आली नाही, तिथी आली: स्मृतिभ्रंशाचं निदान नेमकं कुठे अडतं?

मोगरवेल (धागाकर्ती)

आधीच सांगते, लांबलचक होणार आहे. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

माझी आई ७६ वर्षांची. कोरेगाव तालुक्यातलं गाव, शाळा दुसरीपर्यंत. पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं. सही करते, एसटीची पाटी वाचते, एवढंच लिहिणंवाचणं. बाबा गेल्यावर सहा वर्षं एकटी राहिली आणि घर, एक गाय, वाट्याने दिलेलं दोन एकर रान हे सगळं नीट सांभाळलं. मागच्या वर्षी काहीतरी बिनसायला लागलं. दुधाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून डेअरीत जाऊन दोनदा भांडली, पैसे तिच्याच डब्यात होते. होळीला पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटल्या आणि खाताना कळलं की गूळच घातलेला नाही. आम्ही हसलो. ती हसली नाही. पोळीचा तुकडा हातात धरून बराच वेळ बघत बसली होती.

तुळशीची लग्नं झाल्यावर तिला पुण्यात आणलं, एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं. नाव लिहीत नाही. मुख्य डॉक्टरांच्या आधी एका तरुण डॉक्टरने कागद घेऊन प्रश्न विचारले. मला आधीच बजावलं होतं, मध्ये बोलायचं नाही.

"आजी, आज तारीख काय?"

"काल संकष्टी झाली. चंद्र साडेआठला दिसला. म्हणजे आज पंचमी."

त्याने शून्य लिहिलं. मला दिसलं.

"साल कोणतं?" गप्प. "आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?" आई लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी होती, तिला कसं कळणार. "शंभरातून सात वजा करा, मग त्यातून परत सात, असं करत जा." आईने विचारलं, "कशापायी?" तेही शून्य. मग एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन दाखवले आणि तसेच काढायला सांगितले. आईने पेन रांगोळीची चिमूट धरतात तसं धरलं, दोन रेघा मारल्या आणि खाली ठेवलं. म्हणाली, "पेनानं नाही यायचं मला."

३० पैकी १३ गुण. फाईलवर 'मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश'. एक गोळी सुरू झाली, सहा महिन्यांनी बोलावलं. रक्त तपासलं नाही, ऐकू नीट येतं का तेही कुणी विचारलं नाही. आणि दुधाच्या पैशांचं, पुरणाचं मी सांगायला लागले तर "ते होतंच या आजारात" म्हणाले.

माझा राग गुणांवर नाही. आईला काहीतरी झालंय हे मलाही दिसतंय. पण जे झालंय ते त्या कागदावर उतरलंच नाही, आणि कागदावर जे उतरलं ते म्हणजे तिची दुसरीपर्यंतची शाळा. कुणाचे असे अनुभव आहेत का? इतर देशांत हे कसं करतात?

चिंचोका

ताई, वाचून कसंतरी झालं. आमच्या आत्याबाबत उलटं. चार वर्षं कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही. 'म्हातारचळ लागलाय' या एका शब्दावर चार वर्षं निघाली. साठी बुद्धी नाठी म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. ती रात्री दोन वाजता अंगण झाडायला लागली तेव्हा नेलं, तेही आधी देवऋषाकडे. कारण गावात म्हणत होते, बाहेरचं आहे.

निवृत्त_स्टेथो

मी कोल्हापूर जिल्ह्यात ३५ वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, आता निवृत्त. मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पण या कागदाशी चांगली ओळख आहे.

तुमच्या वर्णनावरून ती एमएमएसई असावी. १९७५ साली अमेरिकेत फोलस्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी बनवलेली, ३० गुणांची. रुग्णालयातल्या खाटेशी बसून दहा मिनिटांत करता यावी म्हणून. मूळ चाचणीत 'वर्ल्ड' या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटी सांगायची असतात, एक वाक्य लिहायचं असतं, एक वाचून तसं करायचं असतं. म्हणजे समोरचा शाळेत गेलेला आहे हे गृहीतच. दुसरी प्रसिद्ध चाचणी मोका, कॅनडातली, २००५ ची. तिच्यात बारा वर्षं किंवा कमी शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात. बारावी झालेल्यालाही एक आणि दुसरीत शाळा सुटलेल्या तुमच्या आईलाही एकच. हिशेब तुम्हीच करा.

आपल्याकडे यावर विचार झालेला नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारतीय-अमेरिकी गटाने १९९५ मध्ये एमएमएसईचं हिंदी रूप प्रसिद्ध केलं, खास निरक्षर लोकांसाठी. त्यात पहिलाच प्रश्न आहे: आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? नंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मोठा चाचणीसंच केला, तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत पारखून घेतला. पहिल्या पाचात मराठी नाही, हे वाचताना मला जरा लागलं होतं. व्यवहारात काय होतं, तर इंग्रजी कागद समोर ठेवून निवासी डॉक्टर जागच्या जागी भाषांतर करतो. तो बिहारचा असेल तर हिंदीतून मराठीत.

सगळ्यात महत्त्वाचं: ही चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत अडकलं की पुढे बघायचं असतं. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन. कान, डोळे. चालू गोळ्या. मेंदूचा सीटी किंवा एमआरआय. आणि घरच्या माणसाशी निवांत बोलणं, जे तुमच्या बाबतीत टाळलं गेलं. पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, थायरॉइड, बी-१२, नैराश्य, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या यांनी माणूस अगदी स्मृतिभ्रंश झाल्यासारखा वागतो, आणि वेळेत सापडलं तर बराच सुधारतो. आईंचं बी-१२ उद्याच करा.

मोगरवेल

डॉक्टर, धन्यवाद. उद्या रक्त देतो. त्या दोन पंचकोनांना गुण किती असतात?

निवृत्त_स्टेथो

एक.

खडूस_शेजारी

विरस करतो, माफ करा. निदान करून करायचं काय? बरं तर होत नाही. आमच्या वडिलांचं निदान झालं त्या दिवसापासून ते पेशंट झाले. त्याआधी ते फक्त विसरभोळे होते, मजेत होते. निदानाचा फायदा औषध कंपनीला.

पाचवा_मजला

+१. आणि रोज सकाळी ब्राह्मी, शंखपुष्पी आणि बदाम दिले तर हे सगळं...

चिंचोका

आलं बघा. त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

थेम्सकाठी

खडूस_शेजारी, तुमचा प्रश्न वाटतो तेवढा खडूस नाही. इथे ब्रिटनमध्ये त्यावर मोठी भांडणं झालीत. देशातल्या अंदाजे रुग्णांपैकी दोन तृतीयांश लोकांचं निदान व्हायला हवं असं सरकारी उद्दिष्ट ठेवलं. आकडा हलेना म्हणून २०१४ साली जीपींना, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, प्रत्येक नव्या निदानामागे ५५ पौंड द्यायची टूम काढली. डॉक्टर मंडळीच चिडली: पेशंटच्या डोक्यावर बक्षीस लावता का? काही महिन्यांत ते गुंडाळलं. सांगायचा मुद्दा, श्रीमंत देश, फुकट दवाखाना, स्मरणशक्तीची वेगळी क्लिनिकं, तरी एक तृतीयांश लोक बाहेरच. माझ्या सासूबाईंना जीपीने क्लिनिकसाठी चिठ्ठी दिली, पुढची तारीख मिळायला पाच महिने लागले.

आणि फायदा म्हणाल तर आमच्याकडे निदान झाल्यावर पहिलं काम झालं ते गाडीची किल्ली काढून घेण्याचं. दुसरं मुखत्यारपत्राचं. सासूबाई स्वतः समजून सही करू शकत होत्या तोवर झालं. सहा महिन्यांनी जमलं नसतं.

निवृत्त_स्टेथो

थेम्सकाठींशी सहमत. मी भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होते, त्यातले ६० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. त्याच वर्षी अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) जागतिक संघटनेने अंदाज दिला की जगातल्या ७५ टक्के रुग्णांचं निदानच झालेलं नाही, आणि काही गरीब देशांत ९० टक्क्यांपर्यंत. भारतात साठीपुढच्या लोकांत प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. खेड्यात जास्त, बायकांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. ज्यांच्यापर्यंत चाचणी धड पोहोचत नाही, नेमके तेच.

आणि दोष फक्त घरच्यांचा नाही. त्याच संघटनेच्या २०२४ च्या पाहणीत ८० टक्के सामान्य लोकांना हा म्हातारपणाचाच भाग वाटत होता. आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांनाही तसंच वाटत होतं. मीही त्यांच्यातलाच होतो बराच काळ. ओपीडीत एका माणसाला सहा मिनिटं. सून म्हणायची, "डॉक्टर, सासरे हल्ली विसरतात." मी म्हणायचो, "वय झालं की." बीपी बघायचो, पुढचा.

अबोली_दुपारची

मोगरवेलताई, तुमच्या आईला कमी गुण मिळाले. माझ्या बाबांना २९ मिळाले होते.

बाबा बँकेत अधिकारी. शंभरातून सात त्यांनी डॉक्टरचं वाक्य संपायच्या आत ९३, ८६, ७९, ७२, ६५ म्हणून दाखवलं आणि वर विचारलं, "पुढे जाऊ?" तारीख, वार, मजला, पंतप्रधान, सगळं चोख. पण त्याच महिन्यात त्यांनी फोनवर बोलणाऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन मिक्सर घेतले होते. सख्ख्या मेहुण्याच्या दहाव्याला घाटावर मोठ्याने हसले. आयुष्यभर गोड न खाणारा माणूस रोज पाव किलो पेढे संपवायला लागला. आईला वाटायचं, आपल्यावरचं प्रेम आटलं. मला वाटायचं, निवृत्तीनंतर विक्षिप्त झालेत. वय ६१.

दोन वर्षं मानसोपचार झाले, नैराश्य म्हणून. गोळ्या वाढत गेल्या. शेवटी एका तज्ज्ञाने एमआरआयमध्ये मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला दाखवला. फ्रंटोटेम्पोरल नावाचा प्रकार. यात सुरुवातीला आठवण शाबूत असते, स्वभाव जातो.

तेव्हापासून मला आपल्या मराठी शब्दाचीच चीड येते. स्मृति-भ्रंश! स्मृती ठणठणीत आहे तर भ्रंश कसला, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. एकाने तर बाबांना दिवाकरांच्या नाट्यछटा म्हणायला लावल्या, त्यांनी म्हटल्या, आणि काका मला म्हणाले, "बघ, काही झालेलं नाही. तूच डोक्यात घेतलंयस."

खडूस_शेजारी

अबोली, हे माहीत नव्हतं. माझे शब्द मागे घेतो. निदान अर्धे.

दक्षिणेचा_वारा

सिडनीहून. आईला चार वर्षांपूर्वी इकडे आणलं, तेव्हाचा किस्सा.

दवाखान्याने दुभाषी दिला. फोनवरचा, आणि हिंदीचा. मराठीचा त्या दिवशी नव्हता. आईला हिंदी मालिका समजतात, म्हणजे हिंदी येतं असं धरलं. वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं, आईने मराठीत फिरवून म्हटलं, चूक. पुढच्या वेळी मराठी बाई आल्या, फार गोड. इतक्या गोड की आई अडखळत "ते आपलं... ते... ज्यात पाणी... हे" म्हणायची आणि त्या इंग्रजीत डॉक्टरला सांगायच्या, "तिला तांब्या म्हणायचंय." मी म्हटलं, अहो, नेमकं ते अडखळणंच डॉक्टरांना ऐकायचंय! दुभाष्याने नीटनेटकं भाषांतर केलं की आजार भाषांतरातच बरा होतो.

मग इथल्या नर्सने दुसरी चाचणी घेतली. रुडास. ही सिडनीतच तयार झालेली, २००४ ची, दुसऱ्या देशांतून आलेल्या लोकांसाठी. वाचन-लेखन जवळपास नाही. लक्षात ठेवायला वाणसामानाची यादी: चहा, तेल, अंडी, साबण. अंडी शब्दावर आईने नाक मुरडलं, पण यादी कशाची हे तिला लगेच कळलं. मग विचारतात, वर्दळीचा रस्ता आहे, सिग्नल नाही, कसा ओलांडाल? आई म्हणाली, "कुणाचा तरी हात धरून." नर्सने विचारलं, कुणी नसेल तर? तर म्हणाली, "मग कशाला जायचं पलीकडे?" नर्स हसून हसून बेजार. गुण मात्र नियमाप्रमाणेच दिले, दोन्ही बाजूंनी गाड्या बघेन असं काही ती म्हणाली नाही ना.

आणखी एक. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या मूळ रहिवाशांसाठी २००६ पासून किका नावाची वेगळी चाचणी आहे. तिथे तारीख विचारतच नाहीत. विचारतात, हा पेन्शनचा आठवडा आहे का? वर्षातला कोणता काळ चालू आहे? मोगरवेल, तुझ्या आईची पंचमी तिथे चालली असती.

मोगरवेल

पेन्शनचा आठवडा! आमच्याकडे डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं. ते विचारलं असतं तर आई नापासच झाली असती, आणि ते खरं नापास होणं असतं. कारण तिथेच गडबड आहे. मला नेमकं हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. इथे यावर जुनं काम आहे, फारसं कुणाला माहीत नसतं. २००१ मध्ये विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मानसोपचारतज्ज्ञांचा अभ्यास आला. गोव्यातल्या लोकांना स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वर्णन ऐकवलं. लोकांनी लगेच ओळखलं, हो, असे म्हातारे असतात. पण हा आजार आहे असं मात्र वाटत नव्हतं. आणि कारण काय, तर मुलं बघत नाहीत, प्रेम देत नाहीत, आबाळ होते.

आता विचार करा, गावात असा समज असेल तर घरचे दवाखान्यात जाऊन काय सांगतील? आजार मान्य करणं म्हणजे आपण आईला नीट सांभाळलं नाही अशी कबुली. माझ्या वहिनीने सासूची गोष्ट दोन वर्षं माहेरीसुद्धा सांगितली नव्हती.

त्या मंडळींच्या जागतिक गटाचं नावच १०/६६. १९९८ मध्ये कोचीनला जमले तेव्हाचा हिशेब: जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्क्यांहून कमी. पुढे गोव्यातच घरी जाऊन मदत करणाऱ्या साध्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांचा प्रयोग झाला, ८१ कुटुंबांवर. रुग्ण बरे झाले नाहीत, सांभाळणाऱ्यांचा जीव मात्र थोडा हलका झाला.

केरळातही असंच. तिथे या अवस्थेला 'चिन्नन' म्हणतात, अर्थ पोरपण. आपण नाही का म्हणत, 'लहान मूल झालीय'.

चिंचोका

शब्दावरून आठवलं. जपानने या आजाराचा जुना शब्द २००४ च्या डिसेंबरात सरकारी पातळीवर बदलला. जुन्या शब्दात मूर्ख, बुद्दू असा अर्थ होता, म्हणून लोक दवाखान्यात यायला लाजत. नवा शब्द 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा आजार. अबोलीचा राग वाचून वाटलं, आपल्यालाही असाच शब्द हवा, ज्यात ना चळ आहे ना फक्त स्मृती.

पाचवा_मजला

'आकलनऱ्हास'?

अबोली_दुपारची

हा तरी तोंडात बसेल का? माझ्या आईला 'भ्रमिष्ट' शब्द येतो, 'डिमेन्शिया' येतो. मधला काही येत नाही.

मांडवीतीर

आपल्याकडे शब्दाचा प्रश्न लाजेपुरताच तरी आहे. उत्तर घानातल्या गंबागा गावी चेटकीण ठरवलेल्या बायकांची वस्ती आहे. बहुतेक म्हाताऱ्या, विधवा. विसरते, पुटपुटते, रात्री भटकते, म्हणजे करणी करते, असं ठरवून गावाने हाकललेल्या. त्यातल्या काहींना खरं तर हाच आजार असणार असं डॉक्टर म्हणतात. तिथे निदानाचा अर्थच वेगळा: जिवानिशी सुटका. चिंचोका, तुमच्या आत्याचा देवऋषी आठवला.

चिंचोका

हो. त्याने नारळ उतरवून दिला आणि ५०० रुपये घेतले. एक खरं सांगू? त्याने आत्याचं अर्धा तास ऐकून घेतलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं.

थेम्सकाठी

आता रक्ताच्या तपासणीत कळतं म्हणे? मग हे पंचकोन वगैरे कशाला?

निवृत्त_स्टेथो

येणार होताच हा प्रश्न. पी-टाऊ २१७ नावाचं प्रथिन रक्तात मोजतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) अशी पहिली तपासणी मान्य केली, ५५ वर्षांच्या व पुढच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी. आतापर्यंत मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साठणारं दुसरं प्रथिन) साठलंय का हे बघायला पेट स्कॅन करायचा किंवा पाठीत सुई घालून पाणी काढायचं, त्यापेक्षा हे कितीतरी सोपं. अक्षरओळख लागत नाही, हा मोठाच फायदा.

पण तीन गोष्टी. एक, हे फक्त अल्झायमरचं. अबोलींच्या बाबांना याने काही सांगितलं नसतं, पक्षाघाताच्या छोट्या छोट्या झटक्यांनी होणाऱ्या प्रकारालाही नाही. दोन, मूत्रपिंड नीट काम करत नसलं तर हे प्रथिन तसंही वाढलेलं दिसतं. आपल्याकडे मधुमेहाने किडन्या गेलेले म्हातारे किती आहेत ते सांगायला नको. तीन, मेंदूत अमायलॉइड असूनही ठणठणीत असणारे लोक भरपूर असतात. 'कुतूहल म्हणून' तपासून घ्यायची ही गोष्ट नव्हे. होळीच्या पुरणात गूळ होता की नव्हता, हे विचारायला माणूसच लागतो.

आणि विचारायचंच तर मी घरच्यांना सांगतो: येताना 'विसरते' एवढंच सांगू नका. काय, कधी, आधी कसं होतं आणि आता कसं, हे तीन-चार प्रसंग कागदावर लिहून आणा. वरण रोज करणारी बाई फोडणी विसरली की मीठ दोनदा घातलं. पैसे मोजताना कुठे अडली. नेहमीच्या वाटेवर चुकली का. अचानक दोन दिवसांत झालं की वर्षभरात. अचानक झालं असेल तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग आणि सोडियम बघा, तो वेगळाच आणि तातडीचा मामला.

सीमाभागी

बेळगावहून. अवांतर आहे, पण टाकतो. हैदराबादला निम्स रुग्णालयात ६४८ रुग्णांवर अभ्यास झाला होता, २०१३ साली प्रसिद्ध. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षरांतही. आमच्या आजीला मराठी, कन्नड दोन्ही पाणी. ९१ व्या वर्षी दोन्ही भाषांत शिव्या देते. तपासायची कोणत्या भाषेत हा मात्र प्रश्न आहे. हिशेब कन्नडमध्ये करते, देव मराठीत.

मोगरवेल

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, दीड महिन्याने लिहितेय.

आईचं बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. उजव्या कानात मळाचा दगड होता, काढला. त्या दिवशी घरी येताना म्हणाली, "रिक्षा एवढी कर्कश असते व्हय?" थायरॉइड ठीक. एमआरआयमध्ये थोडे बदल आहेत.

साताऱ्यात एका बाईंकडे नेलं, त्यांनी पाऊण तास दिला. कागद काढलाच नाही आधी. माझ्याकडून प्रसंग लिहून घेतले. मग आईला विचारलं, पुरणपोळी कशी करता, मला येत नाही, सांगा. आई खुलली. डाळ निवडून धुवायची, शिजवायची, कट काढायचा, इथपर्यंत झक्क. मग थांबली. परत डाळ निवडण्यापासून सुरू. परत कटापाशी थांबली. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मला बघवेना, मी खिडकीकडे तोंड केलं. बाईंनी घाई केली नाही.

त्यांचं म्हणणं, आजार आहे, पण अगदी सुरुवातीचा. 'मध्यम' तर नाहीच. बी-१२ भरून आल्यावर तीन महिन्यांनी परत बघू, तोवर ती जुनी गोळी बंद. मोठे व्यवहार आत्ताच मार्गी लावा म्हणाल्या, आई समजून बोलू शकतेय तोवर. भावाला ते पटायला दोन भांडणं लागली. आता शेताचे कागद आईच्या पुढ्यात बसून करतोय. गाय मात्र विकायची नाही असं तिने बजावलंय. दूध ती काढते, बिलाची वही आता वाटेकऱ्याची सून लिहिते.

आणि काल एक गंमत केली. ते दोन पंचकोन मोबाइलवर दाखवले आणि उंबऱ्याशी रांगोळीने काढायला सांगितले. आईने पाच ठिपके दिले आणि चिमटीने एका दमात पहिला काढला. हात जरासुद्धा हलला नाही. दुसरा त्यात अडकवायच्या ऐवजी शेजारी कमळ काढून टाकलं. म्हटलं, आई, असं नाही, तसाच दुसरा काढायचाय. तर म्हणाली, "ते काय दिसतंय व्हय? हे बरं दिसतं."

डॉक्टर, गुण किती?

निवृत्त_स्टेथो

शून्य. फोटो टाका.